साचेबाईंचा डावा कान

कल्पना करा, तुमच्यासमोर एक बाई बसली आहे, तिच्या मांडीवर काही महिन्यांचं बाळ आहे आणि तुम्हाला त्या बाळाच्या कानाचा साचा घ्यायचा आहे. आधी बॅटरीने आत बघायचं, मळ नाही ना. मग दोरा बांधलेला स्पंजचा बारीकसा तुकडा आत सरकवायचा, म्हणजे मसाला पडद्यापर्यंत जाणार नाही. मसाला म्हणजे दोन गोळे, एक पांढरा, एक गुलाबी. ते तळहातावर एकत्र मळायचे. मळत बसलात तर तुमच्या हातातच घट्ट होणार, घाई केलीत तर कानात घट्ट होणार नाही. तो जाड सिरिंजमध्ये भरायचा आणि कानात असा सोडायचा की मध्ये हवेचा बुडबुडा राहू नये. झालं. आता फक्त काही मिनिटं थांबायचं. या काही मिनिटांत बाळाने रडायचं नाही, जबडा हलवायचा नाही, मान फिरवायची नाही. हे बाळाला नीट समजावून सांगा. तेवढ्यात बाळाची आजी मागून विचारेल, "दुखत नाही ना हो त्याला?" आणि उत्तर द्यायला तुम्ही मान वळवलीत, की साचा वाया.

साचेबाई मान वळवत नाहीत. आजी त्यांच्या डावीकडे उभी असेल, तर त्यांना प्रश्न ऐकूच येत नाही.

कानाच्या दवाखान्यामागे त्यांची खोली आहे. एक लांब टेबल, एक घासायचं चाक, निळ्या दिव्याची एक पेटी आणि भिंतीवर फळी. फळीवर लोकांचे कान ओळीने वाळत असतात. इथून ज्याला ऐकायचं यंत्र मिळतं, त्याच्या कानात ते नीट बसावं म्हणून आधी साच्यावरून एक तुकडा घडवावा लागतो. तो जरा सैल झाला तर यंत्र शिट्टी वाजवतं, जरा घट्ट झाला तर माणूस. हे काम त्या इतकी वर्षं करताहेत की दवाखान्यात त्यांचं खरं नाव फक्त पगार करणाऱ्याला माहीत असेल.

त्यांचा स्वतःचा डावा कान जन्मापासून बंद आहे. दिसायला अगदी व्यवस्थित. कानातलं घालायला दोन्ही कान सारखेच उपयोगी. बंद कानाचं दुःख वगैरे त्यांनी कधी केलं नाही. उलट संसारात त्याचा असा वापर केला की दोन कानांच्या बायकांना हेवा वाटावा. जेवायला बसताना सासूबाई कायम डाव्या हाताला. नवरा घोरायला लागला की उजवा कान उशीत दाबून झोपायचं, जगाचा आवाज बंद. "डावा कान म्हणजे माझं माहेर," त्या म्हणायच्या. "तिथे कुणाची ऑर्डर पोचत नाही."

सगळं छान चाललं होतं असं म्हणता आलं असतं, पण घरात भाऊजी होते.

भाऊजी म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ. विमा कंपनीत कारकून. प्रत्येक घरात एका माणसाकडे इंग्रजीचं खातं असतं, तसं या घरात त्यांच्याकडे होतं. औषधाच्या बाटलीवरचं, वीज कंपनीच्या नोटिशीवरचं, मिक्सरबरोबर आलेल्या पुस्तिकेतलं इंग्रजी घरात यायचं ते भाऊजींच्या तोंडून. मिक्सर पहिल्याच आठवड्यात जळला, पण पुस्तिका चुकीची छापली असणार, असं त्यांचं मत पडलं.

साचेबाईंचा मुलगा चार वर्षांचा झाला तेव्हा त्यांना दुसरं मूल हवं होतं. खरं सांगायचं तर मुलगी हवी होती. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, कमी बोलणारा. त्याची ना नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "आधी त्या कानाचं विचारून घ्या. उगाच पुढे नको." म्हणून साचेबाई पहिल्यांदा या दवाखान्याची पायरी चढल्या. नवऱ्याला त्या दिवशी कुणाची तरी लिफ्ट मध्येच अडकली होती, त्यामुळे सोबत भाऊजी. डॉक्टरांनी कान तपासला, डबीएवढ्या खोलीत बसवून आवाज ऐकवले आणि म्हणाले, "कन्जेनिटल आहे. आता काही करता येणार नाही." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

जिन्यात भाऊजींनी भाषांतर केलं.

"कन्जेनिटल म्हणजे खानदानी, वहिनी. रक्तातलं. शब्दातच आहे बघा, कन-जेन-इटल. जेन म्हणजे जीन."

"म्हणजे पुढच्याला होणार?"

"होणारच की. आज नाही तर उद्या बाहेर पडणार."

घरी सभा भरली. मुलाचे दोन्ही कान ठणठणीत होते, हा पुरावा कुणी विचारातच घेतला नाही. "तो वाचला," एवढं म्हणून त्याला बाजूला ठेवण्यात आलं. खानदानी आहे म्हटल्यावर खानदान शोधणं आलं, आणि तेही फार लांब नव्हतं. साचेबाईंच्या माहेरी एक पणजोबा होऊन गेले होते, ज्यांना सगळं घर 'बहिरे आजोबा' म्हणायचं. सासूबाईंनी दोन्ही हात झटकले. "हे बघा. आमच्याकडचं नाही, एवढं बरं."

दुसऱ्या मुलाचा विषय त्या दिवशी जो बंद झाला, तो झाला. साचेबाईही काही बोलल्या नाहीत. जी गोष्ट आपल्या रक्तात आहे ती पोरीच्या कानात घालायची, आणि मग ती पोर आयुष्यभर लोकांच्या डावीकडून चालत राहणार! नको. दवाखान्याच्या जिन्यात 'मदतनीस पाहिजे' अशी पाटी त्यांनी येताना वाचली होती. पुढच्या सोमवारी त्या कामावर रुजू झाल्या. मुलगी आणायला गेल्या होत्या, नोकरी घेऊन आल्या.

आता कुणाला वाटेल, ज्या जागी दिवसभर हाच शब्द कानावर पडतो तिथे इतकी वर्षं काढल्यावर गैरसमज दूर झाला असेल. छे. गैरसमज पगारी झाला. डॉक्टर आतल्या खोलीत "कन्जेनिटल" म्हणायचे, आई बाळाला घेऊन मागच्या खोलीत यायची, आणि साचेबाई मसाला मळता मळता प्रेमाने विचारायच्या, "कुणाकडून आलंय हो?" आई वळून सासूकडे बघायची. सासू आईकडे बघायची. मसाला घट्ट होईपर्यंत दोन घरांची तिसरी पिढी उकरून व्हायची. बाळ मात्र या गोंधळात गुंगून एकदम शांत बसायचं, आणि साचा सुरेख यायचा. त्यामुळे ही पद्धत साचेबाईंना मोडावीशी कधी वाटली नाही.

मग त्यांना नात झाली.

जन्माच्या दुसऱ्याच दिवशी प्रसूतिगृहात बाळाचे कान तपासले. हल्ली तपासतात. बाळ झोपलेलं असताना कानात छोटीशी नळी धरायची, यंत्र आवाज सोडतं आणि आतून प्रतिसाद आला तर 'पास' म्हणतं. उजवा कान पास. डावा, पुन्हा तपासा.

"दोन दिवसांची झाली नाही, आणि पहिल्याच परीक्षेत राहिली," साचेबाईंचा नवरा म्हणाला. त्याने विनोद केला होता. कुणी हसलं नाही, आणि तो पुन्हा काही आठवडे बोलला नाही.

यंत्राने फक्त 'पुन्हा तपासा' म्हटलं होतं. पण घरात यंत्रापेक्षा हुशार माणसं होती. डावा कान म्हटल्यावर सगळ्यांची नजर कुठे गेली, हे सांगायला नको.

विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी आवाज अतिशय गोड ठेवून सांगितलं, "आमच्याकडे सगळ्यांना ऐकू येतं हो. जरा जास्तच येतं."

"बोलणंही तसंच असेल," भाऊजी म्हणाले आणि दिनदर्शिकेच्या पाठकोऱ्या पानावर दोन्ही घराण्यांचा वृक्ष काढायला बसले. निवृत्तीनंतर त्यांना इतकं मोठं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. विहीणबाईंच्या बाजूला त्यांनी एक काका शोधून काढला, जो रेडिओ मोठ्याने लावायचा. विहीणबाईंनी उत्तरादाखल भाऊजींच्या स्वतःच्या आत्याला बाहेर काढलं, जी लग्नात दोनदा हाक मारूनही आली नव्हती. पण या सगळ्यांवर मात करून झाडाच्या टोकाला बहिरे आजोबाच बसले होते, लाल पेनाने गोल केलेले. तिथून एक रेघ खाली यायची, साचेबाईंवर थांबायची, मुलाला वळसा घालून थेट पाळण्यात उतरायची.

साचेबाईंनी त्या रेघेकडे एकदाच बघितलं. दुसऱ्या तपासणीला महिनाभर होता. तेवढ्या काळात त्या बाळाला अंघोळ घालत होत्या, कपडे बदलत होत्या आणि डावा कान धुताना पाण्याचा एक थेंब आत जाऊ देत नव्हत्या, जणू तो कान उसना आणलेला आहे आणि परत द्यायचा आहे. फळीवर वाळणाऱ्या कानांमध्ये त्यांना आता एक भलताच लहान कान दिसायला लागला. तो साचा कुणालाही जमला नसता इतका चांगला त्यांनीच केला असता. हाच विचार त्यांना सहन होत नव्हता.

एका दुपारी बाळ झोपलेलं बघून त्यांनी त्याच्या डाव्या कानापाशी वाटीवर चमचा वाजवला. बाळ हललं की श्वास घेतला, कळेना. परत वाजवला. दारात सून उभी होती.

"आई, तुम्हीसुद्धा?"

साचेबाईंनी वाटी पदराखाली लपवली, जणू चोरीचा माल होता. "नाही गं, मी आपलं... माझ्यामुळे असेल तर—"

"ते काय पातेलं आहे का, पोचा कुणी पाडला ते शोधायला?" सून म्हणाली. "आणि द्या तो चमचा इकडे. सकाळपासून शोधतेय."

साचेबाई दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, आणि जे पहिल्याच वर्षी विचारायला हवं होतं ते त्यांनी कान तपासणाऱ्या मॅडमना विचारलं. मॅडम मुलाच्या वयाच्या. हातात सँडविच, कारण जेवायची सुट्टी अर्धी संपली होती.

"मॅडम, कन्जेनिटल असलं तर पुढच्या पिढीत जातंच का हो?"

"कन्जेनिटल म्हणजे जन्मतः असलेलं. बास. कुठून आलं ते त्यात नाही."

"म्हणजे खानदानी नाही?"

"खानदानी ते हेरिडिटरी. आईवडलांकडून आलेलं. दोन्ही वेगळं. कधी कधी एकाच माणसाला दोन्ही लागू पडतं, म्हणून लोक गल्लत करतात. हेरिडिटरी असूनही जन्मतः दिसत नाही, चाळिशीत कान जातात, असंही होतं. आणि जन्मतः आहे पण कुणाकडूनच आलेलं नाही, असंही होतं. आईला गरोदरपणात ताप येतो, कसला तरी संसर्ग होतो, आईला पुरळ येऊन जातं आणि बाळाच्या कानावर बेततं." मॅडमनी एक घास खाल्ला. "पण हे तुम्हाला माहीतच असेल. इतकी वर्षं आहात इथे."

"माझं कुठलं?"

"आता कसं कळणार? दोन्हीपैकी काहीही असेल. कळेलच असंही नाही."

"आमच्या डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं नाही."

"ते बरोबरच बोलले होते की. तुम्ही पुढे काही विचारलं का?"

"विचारायला माणूस नेला होता," साचेबाई म्हणाल्या.

त्या दिवशी चाकावर घासता घासता एका म्हाताऱ्याच्या कानाचा तुकडा त्यांच्या हातून इतका बारीक झाला की परत घडवावा लागला. असं पूर्वी झालं नव्हतं.

दुसरी तपासणी झाली. डावा कान पास. जन्माच्या वेळचा चिकट द्रव कानात राहिला होता, तो आपोआप गेला. असं बऱ्याच बाळांचं होतं, मॅडम म्हणाल्या. घरात आनंदीआनंद झाला. दिनदर्शिकेचं पान उलटण्यात आलं, वृक्ष भिंतीकडे गेला आणि पुढे पुन्हा नुसत्या तारखा आल्या. विहीणबाई म्हणाल्या, "बघितलंत ना, आमच्यावर गेलीय." भाऊजी म्हणाले, "कान आमच्याकडचेच. नाक तुमच्याकडचं आहे खरं, पण त्याला आता काय करणार." बंद कान परक्या घराण्याचा आणि उघडा आपल्या घराण्याचा, या नियमाला दोन्ही बाजूंनी एकमताने मान्यता दिली. कुणी कुणाची माफी मागितली नाही, कारण कुणी कुणाला काही म्हटलंच नव्हतं.

चहाचे कप गोळा करता करता साचेबाईंनी विचारलं, "भाऊजी, कन्जेनिटल म्हणजे काय हो?"

"खानदानी. तेव्हाच सांगितलं होतं की."

"नाही म्हणे. जन्मापासूनचं, एवढंच. तो शब्द केव्हापासून ते सांगतो. कुणाकडून ते सांगायला दुसरा शब्द आहे."

भाऊजींनी बशी खाली ठेवली. "ढोबळ मानाने एकच, वहिनी. जन्म कोण देतं? आईवडील. मग?" सगळे आपल्याकडेच बघताहेत असं पाहून ते जरा चिडले. "आणि तेव्हा जिन्यात उभं राहून एवढं बारीक कसं सांगणार? मागे लोक खोळंबले होते."

मागे लोक खोळंबले होते. एक मुलगी जन्माला यायची राहून गेली ती या कारणाने. साचेबाईंनी कप उचलले आणि आत गेल्या. पाठोपाठ नवरा आला. तो ओट्याशी उभा राहिला, नळ गळत नसताना त्याने नळ तपासला.

"मला वाटलं, तुलाच नको असेल," तो म्हणाला.

"मला? तुम्ही विचारलंत कधी?"

"विचारलं होतं. एकदा. झोपताना. तू काही बोलली नाहीस."

साचेबाई हातातला कप धरून तशाच उभ्या राहिल्या. "कुठल्या बाजूने विचारलंत?"

नवऱ्याने बराच विचार केला. लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली असेल, याचा करतो तसा. मग त्याचा हात आपसूक तिच्या डाव्या खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. आजवर इतकं उपयोगी पडलेल्या त्या डाव्या कानाच्या माहेराने एकदाच दगा दिला होता, आणि तो नेमका कधी, ते दोघांनाही आता कळलं होतं.

त्या रविवारी साचेबाई आईकडे गेल्या. आई त्यांच्या भावाकडे असते. पाठीत वाकली आहे, पण कान असे की शेजारच्यांचं भांडण भिंतीपलीकडून शब्दशः सांगेल. ती वाळलेले कपडे घडी करत होती. साचेबाई तिच्या डाव्या हाताला बसल्या, म्हणजे उजवा कान तिच्याकडे येईल.

"आई, बहिरे आजोबा जन्मापासून बहिरे होते का गं?"

"कसले बहिरे!" आई हसली तर दात नसलेलं सगळं तोंड हसलं. "मी या घरात आले तेव्हा होते की ते. आतल्या खोलीत डब्याचं झाकण उघडलं तर अंगणातून यायचे. फक्त कामाला हाक मारली की ऐकू यायचं नाही. तुझी पणजी म्हणायची, बहिरा आहे मेला. तेच नाव पडलं."

म्हणजे आजोबांचा तो गुण खराच आनुवंशिक होता. साचेबाईंच्या वडिलांमध्ये तो उतरला होता, आणि आत्ता पलीकडच्या खोलीत, पाणी भरून ठेव म्हणून दोन वेळा हाक मारूनही टीव्हीसमोरून न हललेल्या त्यांच्या भावामध्येही ठळक होता. फक्त त्याचा कानाशी काही संबंध नव्हता. लाल गोल उगाच काढला होता.

"मग माझा कान?" साचेबाईंनी विचारलं. "मी पोटात असताना तुला ताप आला होता? अंगावर पुरळ वगैरे?"

"आला होता की. मोठा ताप. अंगभर पुरळ. तुझ्या वेळी... का तुझ्या भावाच्या?" आईने घडी मोडली आणि परत घातली. "का मधला गेला, त्याच्या वेळी? कुणाला आठवतंय. तेव्हा मला कोण विचारत होतं? उतरला ताप, लागले कामाला." मग तिचे हात थांबले. "का गं? त्याने होतं का कानाला?"

साचेबाईंना खोटं बोलायला एक क्षण उशीर झाला.

"म्हणजे माझ्यामुळे झालं?"

"तसं नाही गं, आई. तसं कुणी म्हणत नाहीये."

"इतकी वर्षं मी तुझ्या बापाच्या घराण्याला बोल लावला," आई म्हणाली आणि उरलेले कपडे तिने घडी न घालताच कपाटात कोंबले.

आता मागच्या खोलीत साचेबाई 'कुणाकडून आलंय' असं विचारत नाहीत. काही दिवस त्यांनी "पोटात असताना तुम्हाला ताप आला होता का हो?" असं विचारून बघितलं. पूर्वी आया सासूकडे बघायच्या, आता मान खाली घालून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागल्या. मॅडमनी सांगितलं, हेही नको. तेव्हापासून त्या फक्त बाळाशी बोलतात. साचे पूर्वीइतके सुरेख येत नाहीत; बाळं रडतात, कारण आजूबाजूला भांडण नसतं.

आईला मात्र दर रविवारी फोन जातो. साचेबाई फोन उजव्या कानाला धरतात. जेवण झालं का, गुडघा कसा आहे, दादा काय म्हणतो, सगळं विचारतात. आईला सगळं नीट ऐकू येतं. मग त्या हळूच त्या गोष्टीवर येतात, आणि तिकडून आवाज येतो, "काय? ऐकू येत नाही गं. फोन खरखरतोय."

आईचा हा गुण आनुवंशिक असायचं कारण नाही, ती त्या घरात लग्न होऊन आलेली. जन्मजातही नसणार. हा तिने त्या घरात राहून कमावला असावा. साचेबाई फोन ठेवत नाहीत. त्या थोडं थांबतात, आवाज चढवत नाहीत, फक्त पुन्हा विचारतात:

"आई, आठवलं का गं? तो ताप माझ्या वेळचा, की दादाच्या?"